हाडाआधीच्या वाटा : कवटीच्या तळातील लहान रंध्रे

मानवी कवटीचे छत गुळगुळीत, बंद आणि तुलनेने साधे असते. तिचा तळ मात्र उंचसखल असून लहानमोठी रंध्रे, भेगा आणि नलिका यांनी भरलेला असतो, कारण मेंदूला मिळणारे रक्त, मेंदूतून परतणारे रक्त आणि मेंदूपासून निघून डोळे, चेहरा, जीभ, घसा व कान यांच्याकडे जाणाऱ्या चेता, म्हणजे मज्जातंतूंच्या जुड्या, यांची ये-जा या तळातूनच होते. हा तळ आतून पाहिल्यास तीन टप्प्यांनी खाली उतरत जातो : पुढचा खळगा डोळ्यांच्या खोबण्यांवर येतो, मधला कानशिलांच्या आत येतो आणि सर्वांत खोल असलेला मागचा खळगा मानेच्या वर येतो. त्यांपैकी मधल्या खळग्याचा बराचसा भाग जतुकास्थी या हाडाच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या मोठ्या पंखांनी बनलेला असून प्रत्येक पंखात पुढून मागे एक वक्र रेष काढावी अशा क्रमाने तीन रंध्रे आढळतात. पहिले गोल रंध्र गालाच्या व वरच्या जबड्याच्या संवेदना वाहणाऱ्या चेतेचे, दुसरे अंडाकृती रंध्र खालच्या जबड्याकडे जाणाऱ्या चेतेचे, आणि तिसरे अगदी लहान कंटक रंध्र मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणाऱ्या मध्य आवरण धमनीचे. वैद्यकाच्या व्यवहारात दुसऱ्याला फोरामेन ओव्हेल आणि तिसऱ्याला फोरामेन स्पायनोसम असेच म्हटले जाते, आणि पुढील विवेचनातही हीच नावे वापरली आहेत.

पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांमध्ये ही रंध्रे नेहमी ठरावीक जागी, ठरावीक आकाराची आणि दोन्ही बाजूंना सारखी दाखवलेली असतात, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या मनात कवटीचा तळ म्हणजे एकाच साच्यातून काढलेली वस्तू असा समज घट्ट होतो. प्रत्यक्षात शंभर कवट्या एका टेबलावर उलट्या मांडल्या तर त्यांतील कोणत्याही दोन एकसारख्या दिसत नाहीत. कुठे एक रंध्र दुसऱ्यात मिसळलेले असते, कुठे एकाच्या जागी दोन असतात, कुठे अपेक्षित रंध्र मुळीच नसते, तर कुठे पुस्तकात तळटीपेपुरता उल्लेख असलेले चौथे रंध्र ठळकपणे उघडे असते. हे भेद निसर्गाच्या हलगर्जीपणातून आलेले नाहीत. त्यांतील बऱ्याच भेदांचा उलगडा एका साध्या वस्तुस्थितीने होतो, ती अशी की गर्भावस्थेत चेता आणि रक्तवाहिन्या आधी तयार होतात व हाड नंतर येते. भिंत बांधून झाल्यावर नळासाठी तिला भोक पाडावे तसा हा प्रकार नसून आधी नळ टाकून मग त्याच्याभोवती भिंत चढवत न्यावी तसा तो आहे, आणि म्हणून भोकाचे स्वरूप नळ कुठून कसा गेला यावर अवलंबून राहते.

फोरामेन ओव्हेलचा इतिहास याचे चांगले उदाहरण आहे. गर्भात जतुकास्थीचा पंख वाढत असताना खालच्या जबड्याची चेता आधीच आपल्या वाटेने खाली उतरलेली असते. पंखाची मागची कड तिच्यापाशी येऊन पोचते तेव्हा प्रथम त्या कडेला एक खाच पडते, आणि पुढे हाडाची दोन टोके चेतेच्या मागून वळून एकमेकांना भेटतात तेव्हा खाचेचे पूर्ण कडे बनते. वुर्झबुर्ग येथील शरीररचनाशास्त्रज्ञ योहानेस लांग यांच्या मोजमापांनुसार हे कडे लवकरात लवकर गर्भाच्या सातव्या महिन्यात, तर उशिरात उशिरा जन्मानंतर तिसऱ्या वर्षी पूर्ण होते. नवजात बालकात त्याची लांबी सुमारे ४ मिलिमीटर असते, ती प्रौढ वयात सुमारे ७ मिलिमीटर होते. फोरामेन स्पायनोसमचे कडे याहूनही सावकाश मिटते आणि काही मुलांत त्याला सातव्या वर्षापर्यंत वेळ लागतो. ज्यांच्यात हाडाची टोके कधीच भेटत नाहीत त्यांच्या कवटीत फोरामेन स्पायनोसमची मागची भिंत आयुष्यभर उघडी राहते, किंवा हे रंध्र आणि फोरामेन ओव्हेल यांच्यामधला पडदा न बनल्यामुळे दोहोंचे मिळून एकच लांबट रंध्र होते. अशा व्यक्तीला त्याचा कसलाही त्रास होत नाही, कारण उरलेली जागा चिवट तंतुमय ऊतीने भरलेली असते.

फोरामेन स्पायनोसम मुळीच नसणे ही गोष्ट मात्र वेगळ्या प्रकारची आहे, आणि या सगळ्या विषयात तिच्याइतका बोलका प्रकार दुसरा नाही. या रंध्रातून जाणाऱ्या मध्य आवरण धमनीला प्रौढ माणसात रक्त मिळते ते चेहऱ्याला रक्त पुरवणाऱ्या बाह्य ग्रीवा धमनीच्या एका फांदीकडून. पण गर्भाच्या सुरुवातीच्या काळात ही व्यवस्था अस्तित्वातच नसते. त्या काळात मेंदूकडे जाणाऱ्या आंतर ग्रीवा धमनीपासून निघालेली एक वेगळी धमनी भावी कानाच्या जागेतून वर जाऊन डोळ्याभोवतालच्या व आवरणाच्या भागाला रक्त पुरवत असते, आणि तिच्या भोवतीच मध्यकर्णातील सर्वांत लहान हाडाची, म्हणजे रिकिबीसारख्या दिसणाऱ्या स्टेपीसची, घडण होते. स्टेपीसला मध्ये भोक का, या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे : ते हाड तयार होत होते तेव्हा त्या भोकातून एक वाहती धमनी जात होती. गर्भाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास बाह्य ग्रीवा धमनीची वाढती फांदी या धमनीच्या वरच्या शाखा आपल्याकडे घेते, कानातले तिचे खोड सुकून नाहीसे होते आणि भोक मात्र रिकामे उरते. उंदीर व घुशी यांच्यात ही धमनी प्रौढपणीही टिकून असते. मानवात ती टिकणे अतिशय विरळ असून त्याचे प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी आहे.

ज्या थोड्या माणसांत ती टिकते, त्यांच्यात मध्य आवरण धमनीचे रक्त अजूनही कानातून येते; ही धमनी स्टेपीसच्या दोन पायांमधून वर चढून चेहऱ्याच्या चेतेच्या नलिकेत शिरते आणि तेथून मधल्या खळग्यात उतरते. फोरामेन स्पायनोसमच्या वाटेने खालून काहीच येत नसल्याने त्या बाजूला हाडाला कडे घालण्यासारखे काही मिळत नाही आणि रंध्र बनत नाही. म्हणूनच कानाच्या सीटी स्कॅनमध्ये एका बाजूचे फोरामेन स्पायनोसम दिसत नसेल आणि त्याच बाजूची चेहऱ्याच्या चेतेची नलिका नेहमीपेक्षा रुंद असेल, तर अनुभवी क्ष-किरणतज्ज्ञ या धमनीचा शोध घेतात. याला केवळ शास्त्रीय कुतूहलाचे महत्त्व आहे असे नाही. स्टेपीस ताठ झाल्याने ऐकू येईनासे झालेल्या रुग्णांत ते हाड काढून कृत्रिम खुंटी बसवण्याची शस्त्रक्रिया केली जाते, आणि त्या वेळी त्याच्या पायांमध्ये अनपेक्षितपणे एक ठोके देणारी धमनी समोर आली तर शस्त्रक्रियेचा सारा बेतच बदलावा लागतो.

रंध्र नसण्याचे दुसरेही एक कारण असते. काहींच्यात मध्य आवरण धमनी डोळ्याच्या धमनीपासून निघते व खोबणीच्या मागच्या भेगेतून किंवा तिच्या शेजारच्या लहान रंध्रातून मागे येते; याच्या उलट काहींच्यात डोळ्याला मिळणारे रक्तच मुख्यतः मध्य आवरण धमनीतून जाते. मेंदूच्या आवरणाखाली साचून राहिलेल्या जुन्या रक्तासाठी किंवा आवरणाच्या गाठीसाठी अलीकडे याच धमनीत बारीक नळी घालून तिचा प्रवाह बंद करण्याचा उपचार केला जातो, आणि त्याआधी धमन्यांचे चित्रण करून डोळ्याशी तिचा संबंध आहे की नाही हे बारकाईने पाहणे अटळ ठरते, कारण तो संबंध असताना सोडलेले कण डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचून दृष्टी जाऊ शकते.

चौथ्या रंध्राची गोष्ट याहून जुनी आहे. आंद्रेआस व्हेसालिअस यांनी १५४३ मध्ये बाझल येथे प्रसिद्ध केलेल्या मानवी शरीराच्या रचनेवरील आपल्या महाग्रंथात फोरामेन ओव्हेलच्या पुढे व आतल्या अंगाला असलेल्या एका लहान रंध्राची नोंद केली, आणि त्याला आजही त्यांचेच नाव आहे. व्यासाने साधारण १ ते २ मिलिमीटर असलेल्या या रंध्रातून एक एमिसरी शीर जाते, म्हणजे कवटीच्या आतील शिरांच्या पोकळ्यांना कवटीबाहेरील शिरांशी जोडणारी शीर. या ठिकाणी ती आतील गुहाशिरा या शिरापोकळीला जबड्यामागील शिरांच्या जाळ्याशी जोडते. अशा शिरांना झडपा नसल्यामुळे त्यांतील रक्त दाबाप्रमाणे दोन्ही दिशांनी वाहू शकते आणि चेहरा किंवा दात यांतील जंतुसंसर्ग अशा वाटेने आत पोचण्याची शक्यता राहते. धमन्यांच्या मानाने शिरांची घडण गर्भात बरीच सैल असते. अनेक वाटांपैकी कोणती मोठी होईल आणि कोणती मिटेल हे त्या वेळच्या प्रवाहावर ठरते, त्यामुळे शिरांची रंध्रे धमन्यांच्या रंध्रांपेक्षा कितीतरी अधिक लहरी असतात यात नवल नाही.

व्हेसालिअसचे रंध्र किती लोकांत असते, या प्रश्नाला मात्र एक उत्तर नाही. १९३० मध्ये बॉइड यांनी कोरड्या कवट्यांच्या मोठ्या संग्रहात ते सुमारे एक तृतीयांश कवट्यांत नोंदवले, तर १९९४ मध्ये गिन्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी बारीक छेदांच्या सीटी स्कॅनवर ते ८० टक्क्यांच्या आसपास लोकांत दाखवले. एवढी तफावत केवळ वंश किंवा प्रदेश यांमुळे पडते असे मानणे घाईचे ठरेल. एका अभ्यासकाने बारीक तार आरपार गेली तरच रंध्र मानले असेल, तर दुसऱ्याने स्कॅनमधील काळा ठिपकाही मोजला असेल. शिवाय मोजणी कवट्यांची केली की बाजूंची, यानेही आकडा बदलतो. उदाहरणार्थ, १०० कवट्यांपैकी ३० मध्ये रंध्र दोन्ही बाजूंना आणि २० मध्ये एकाच बाजूला असेल, तर कवट्यांच्या हिशेबाने प्रमाण ५० टक्के येते, पण २०० बाजूंच्या हिशेबाने तेच ४० टक्के होते, आणि शोधनिबंधांत हे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी ठेवून तुलना केलेली वारंवार आढळते.

कोरड्या कवटीचे स्वतःचेही दोष आहेत. तिच्यात जतुकास्थी आणि शंखास्थी यांच्यामध्ये एक वेडेवाकडे मोठे भगदाड दिसते व आंतर ग्रीवा धमनी त्यातूनच वर येत असावी असे वाटते. जिवंत माणसात मात्र त्या भगदाडाचा खालचा भाग कूर्चेने बुजलेला असतो आणि धमनी त्याच्या वरून जाते. भारतातील, आणि अर्थात महाराष्ट्रातीलही, वैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीररचनाशास्त्र विभागांत अशा कोरड्या कवट्यांवर रंध्रांची मोजमापे करणे हा पदव्युत्तर संशोधनाचा रुळलेला विषय आहे, परंतु त्या संग्रहांतील बहुतेक कवट्यांचे वय, लिंग आणि मूळ ठिकाण माहीत नसते. परदेशी संग्रहांची स्थितीही फारशी वेगळी नाही. भारत सरकारने १९८५ मध्ये मानवी हाडांच्या निर्यातीवर बंदी घालीपर्यंत जगातील वैद्यकीय महाविद्यालयांना लागणाऱ्या सांगाड्यांचा फार मोठा वाटा कोलकात्याहून जात असे, त्यामुळे पाश्चात्त्य देशातील एखाद्या जुन्या कपाटातली कवटी त्याच देशातील लोकांची रचना दाखवते असे गृहीत धरून काढलेली टक्केवारी संशयानेच वाचावी लागते.

फोरामेन ओव्हेलच्या आसपास आणखी एक प्रकारचा भेद आढळतो, आणि तो रंध्राचा नसून रंध्रावर पडलेल्या आडकाठीचा असतो. जतुकास्थीच्या पंखाखालील उभ्या पट्टीपासून मागच्या काट्याकडे एक अस्थिबंध जातो, तर दुसरा त्याच पट्टीच्या मुळापासून पंखाच्या खालच्या पृष्ठाकडे जातो. पहिल्याचे वर्णन इटलीतील फिलिप्पो चिविनिनी यांनी १८३० च्या दशकात केले आणि दुसऱ्याचे व्हिएन्नाचे योसेफ हिर्टल यांनी १८६२ मध्ये केले. हे अस्थिबंध काहींच्या बाबतीत पूर्ण किंवा अर्धवट हाडाचे बनतात, आणि मग पहिला फोरामेन ओव्हेलच्या आतल्या बाजूने किंवा खालून, तर दुसरा बाहेरच्या बाजूने हाडाचा पूल टाकतो. येथेच हिर्टल यांच्याविषयी थोडे अधिक सांगण्याजोगे आहे. कवटीच्या उंचवट्यांवरून माणसाचे स्वभाव आणि वंशांची प्रतवारी ठरवणाऱ्या तत्कालीन कवटीविद्येला विरोध म्हणून त्यांनी युरोपातील निरनिराळ्या भागांतून कवट्या जमवल्या, कारण एकाच खंडातील लोकांत किती भेद असतात हे त्यांना दाखवायचे होते. त्यांतील १३९ कवट्या १८७४ मध्ये फिलाडेल्फियातील म्युटर संग्रहालयाने विकत घेतल्या आणि त्या आजही तेथे भिंतीवर मांडलेल्या आहेत.

हाडाच्या या पुलांचे महत्त्व हिर्टल यांच्या काळात केवळ नोंदीपुरते होते, पण विसाव्या शतकात ते एकदम वाढले. चेहऱ्यावर विजेसारखी कळ उठवणाऱ्या ट्रायजेमिनल न्यूराल्जियाच्या उपचारासाठी फ्रिट्झ हार्टेल या जर्मन शल्यचिकित्सकाने १९१० च्या दशकात एक वाट रूढ केली, जिच्यात ओठांच्या कोपऱ्यापासून सुमारे अडीच-तीन सेंटिमीटर बाहेर गालात सुई घालून ती तोंडाच्या आत न जाऊ देता फोरामेन ओव्हेलपर्यंत नेतात आणि त्यातून वर असलेल्या चेतागंडावर औषध सोडतात. पुढे याच वाटेने उष्णतेचा, ग्लिसरॉलचा आणि १९८० च्या दशकात शॉन मलन यांनी सुरू केलेला फुगा फुगवून दाब देण्याचा उपचार आला, आणि झुरिचमध्ये अपस्माराच्या रुग्णांत मेंदूचे विद्युत्‌संदेश टिपण्यासाठी याच रंध्रातून इलेक्ट्रोड नेण्यात आले. सुई धरणाऱ्या वैद्याच्या दृष्टीने ७ मिलिमीटर लांब आणि जेमतेम ४ मिलिमीटर रुंद असे हे लक्ष्य त्वचेपासून काही सेंटिमीटर आत असते. ते नेहमीपेक्षा अरुंद असेल किंवा त्याच्या तोंडावर हाडाचा पूल असेल तर सुई पुन्हा पुन्हा हाडावर अडते, आणि शेजारचे व्हेसालिअसचे रंध्र मोठे असेल तर ती चुकून त्यात शिरून गुहाशिरेला इजा करू शकते. हल्ली अनेक ठिकाणी आधी सीटी स्कॅन करून रंध्राचा आकार आणि दिशा पाहिली जाते, ते याच कारणाने.

मागच्या खळग्याकडे वळल्यास गळ्याच्या मोठ्या शिरेचे रंध्र हे असमतेचे नेहमीचे उदाहरण आहे. मेंदूच्या माथ्यावरून मागे येणारी मोठी शिरापोकळी बहुतेकांत उजवीकडे वळत असल्यामुळे बऱ्याच लोकांत उजव्या बाजूचे रंध्र डाव्यापेक्षा मोठे असते, आणि एवढ्यावरून गाठीचा संशय घेतला जाऊ नये म्हणून क्ष-किरणतज्ज्ञ रंध्राच्या कडा गुळगुळीत आहेत की कुरतडलेल्या हे पाहतात. गाठीने हाड खाल्ले असेल तर कड तशी राहत नाही.

याच खळग्यात, मणक्याची दोरी जेथून खाली उतरते त्या मोठ्या रंध्राच्या दोन्ही कडांना, जिभेच्या स्नायूंना चालवणाऱ्या चेतेची नलिका असते. ही चेता मेंदूच्या देठापासून एकसंध न निघता अनेक बारीक मुळांच्या रूपात निघते आणि नलिकेपाशी येईपर्यंत ती मुळे बहुधा दोन जुड्यांत गोळा होतात. या दोन जुड्यांच्या मधून हाडाचा एक पडदा वाढला की नलिका दुहेरी होते. काही घराण्यांत आणि लोकसमूहांत असे भेद अधिक प्रमाणात दिसत असल्याने बेरी आणि बेरी यांनी १९६७ मध्ये कवटीच्या ज्या ३० भेदांची यादी लोकसमूहांमधील अंतर मोजण्यासाठी मांडली तिच्यात दुहेरी नलिकेबरोबर अपुरे फोरामेन ओव्हेल आणि उघडे फोरामेन स्पायनोसम यांनाही स्थान मिळाले, आणि उत्खननात सापडलेल्या कवट्यांच्या अभ्यासात ही यादी पुढे बरीच वापरली गेली.

जिभेच्या चेतेच्या नलिकेवर खरा वाद झाला तो १९९८ मध्ये. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील रिचर्ड के, मॅट कार्टमिल आणि मिशेल बॅलो यांनी असे मांडले की माणसाची ही नलिका तोंडाच्या आकाराच्या तुलनेत चिंपांझीच्या नलिकेपेक्षा बरीच मोठी आहे, मोठी नलिका म्हणजे जाड चेता आणि जाड चेता म्हणजे जिभेवर बारीक ताबा. निअँडरथल आणि त्यांच्याही आधीच्या काही मानवांच्या नलिका आजच्या मानवाइतक्या असल्यामुळे निदान ४ लाख वर्षांपूर्वी मानवाला बोलता येत असावे. जीवाश्मांत जीभ उरत नाही आणि कंठाचे स्नायूही उरत नाहीत, तेव्हा हाडातल्या एका भोकावरून वाचेचा इतिहास वाचता येईल ही कल्पना मोहक होती हे मान्य करावे लागेल. पण पुढच्याच वर्षी डेव्हिड डिगुस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच मोजणी अधिक प्राण्यांवर केली तेव्हा अनेक वानरजातींच्या नलिका मानवाच्या मर्यादेत बसल्या, ज्यांना बोलता येत होते असे कोणी म्हणत नाही अशा ऑस्ट्रेलोपिथेकसच्याही काही नलिका त्याच मर्यादेत आल्या, आणि मानवी मृतदेहांत नलिका व तिच्यातील चेता यांची प्रत्यक्ष तुलना केली असता नलिकेच्या आकाराचा चेतेच्या जाडीशी किंवा तंतूंच्या संख्येशी भरवशाचा संबंध आढळला नाही. या नलिकेत चेता एकटी नसते. तिच्याभोवती शिरांचे एक जाळे असते, बरोबर एक बारीक धमनीही जाते, आणि हाडाने जे कडे घातलेले असते ते या साऱ्यांना मिळून घातलेले असते.